आधी पाणी धरा, मग दगड लावा

मागच्या अंकात परसात स्वतःच्या हातानं छोटं तळं किंवा कारंजं कसं करावं, याबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. बहुतेकांनी दगड आधी रचलेत आणि पाणी नंतर सोडलंय. मग पाणी जायला नको तिथे गेलं की सगळं रचलेलं उपसायची वेळ येते. म्हणून उत्तरं वेगवेगळी असली तरी माझा आग्रह एकच राहील. खड्डा, लायनर (म्हणजे पाणी धरून ठेवायला खड्ड्यात अंथरायचा रबरी किंवा प्लास्टिकचा कागद), पंप आणि नळी एवढ्यावर पाणी भरा, ते चार दिवस चालवून बघा, आणि शोभेचं काम त्यानंतर करा.

प्रश्न : ताई, आम्ही दोघांनी मिळून परसात तळं खणलं, लायनर अंथरला, कोपऱ्यात तीन फुटांचा धबधबा केला. दिसतो फार छान. पण रोज तीन बोटं पाणी उतरतं. हे म्हणतात, उन्हानं उडतंय. दीर म्हणतात, लायनर फाटलाय, सगळे दगड काढा. कुणाचं ऐकू?

उत्तर : तूर्त दोघांचंही राहू द्या, आणि दगडांना हात लावू नका. तीन बोटं म्हणजे पाचेक सेंटिमीटर. कडक उन्हात, वाऱ्याच्या दिवसांतही उघड्या पाण्याची पातळी दिवसाला साधारण पाच ते दहा मिलिमीटर उतरते. धबधबा चालू असेल तर आणखी थोडी, कारण पडणाऱ्या पाण्याचा हवेशी जास्त संबंध येतो. पण पाच सेंटिमीटर पाणी असं उडून जात नाही. म्हणजे गळती आहेच. ती कुठे आहे, हे शोधायला एक बादली पुरते.

तळ्यात जी उथळ पायरी ठेवली असेल, तिच्यावर बादली अशी टेकवा की ती अर्धीअधिक पाण्यात राहील. बादलीत तळ्याच्या पातळीइतकंच पाणी भरा. आतल्या पातळीची खूण आतून करा, बाहेरच्या पातळीची बाहेरून. पंप बंद ठेवा. चोवीस तासांनी दोन्ही खुणा बघा. दोन्हीकडे सारखंच उतरलं असेल तर ते फक्त बाष्पीभवन. बाहेरचं जास्त उतरलं असेल तर तळ्याचा लायनर गळतोय. मग दुसऱ्या दिवशी हेच सगळं पंप चालू ठेवून करा. पंप बंद असताना पातळी टिकते आणि चालू केल्यावर उतरते, असं दिसलं तर तळं निर्दोष आहे. गळती धबधब्यात किंवा तिथवर जाणाऱ्या नळीत आहे. तुमच्याकडे हेच निघेल असं मला वाटतं, कारण घरी केलेल्या धबधब्यांत पाणी बहुतेक वेळा कडेवरून जातं, भोकातून नाही.

आता धबधब्याकडे सावकाश बघा. पहिली जागा म्हणजे वरचा दगड, ज्याच्या ओठावरून पाणी खाली पडतं. पाणी दगडावरून जाण्याऐवजी त्याच्या खालून, बाजूनं शिरत असेल तर ते मागच्या मातीत जातं. दगड उचलून त्याखाली आणि दोन्ही बाजूंना तळ्यासाठी मिळणारा काळा फोम भरा. हा फोम पाणी अडवण्यासाठी नाही, पाण्याला वरून जायला लावण्यासाठी आहे. पाणी अडवतो तो खालचा लायनर, आणि तो दगडाच्या मागे, दोन्ही बाजूंना पाण्याच्या पातळीपेक्षा चांगला वर आलेला असायला हवा.

दुसरी जागा म्हणजे बाजूच्या कडा. धबधब्यासाठी आपण मातीचा उंचवटा करतो. ती भरावाची माती पहिल्या दोन-तीन जोरदार पावसांत खाली बसते, तिच्याबरोबर लायनरची कडही बसते, आणि इंचभर खचलेल्या त्या जागेतून रात्रंदिवस पाणी वाहत राहतं. वरून झाडं लावलेली असल्यानं ते दिसतही नाही. कड उचला, खाली माती घालून ती चोपून घट्ट करा.

तिसरी जागा लोकांना सुचत नाही. कडेचं गवत, शेवाळ किंवा माती लायनरच्या वरून पाण्याला टेकली असेल, तर वात तेल ओढते तसं ती पाणी ओढून बाहेरच्या जमिनीला देते. पाणी आणि बाहेरची माती यांच्यामध्ये लायनरची उभी कड मोकळी दिसली पाहिजे.

उडणारे शिंतोडे हे चौथं कारण. सकाळी पंप सुरू करण्याआधी धबधब्याभोवती कोरडी वाळू पसरा आणि दोन तासांनी ती कुठे ओली झाली ते बघा.

पंप बंद असतानाही पातळी उतरत असेल, तर मात्र पाणी उतरू द्या. मासे असतील तर त्यांना त्याच पाण्याच्या टबात हलवा. पातळी जिथे येऊन थांबेल, भोक त्या रेषेवर कुठेतरी असतं. तेवढीच रेषा चाचपायची, अख्खं तळं नाही. रबरी लायनरला त्याच जातीचं ठिगळ स्वच्छ, कोरड्या पृष्ठभागावर लावलं की काम होतं.

प्रश्न : आठ फूट लांब, सहा फूट रुंद आणि दोन फूट खोल असं अंडाकृती तळं करायचं आहे. लायनर किती आणावा? आणि तळ सिमेंटचा का करू नये?

उत्तर : लायनरचा हिशेब असा : लांबी, अधिक खोलीची दुप्पट, अधिक दोन्ही बाजूंना कडेसाठी एकेक फूट. म्हणजे आठ, चार आणि दोन मिळून चौदा. रुंदीलाही तसंच, सहा, चार आणि दोन मिळून बारा. चौदा बाय बारा फुटांचा एकसंध तुकडा घ्या. जोड देऊ नका. मधली पायरी वेगळी मोजावी लागत नाही, कारण खोली धरताना ती हिशेबात आलेली असते.

पाणी किती बसेल तेही आत्ताच काढून लिहून ठेवा, कारण पंप, मासे, औषधाची मात्रा असं पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरतं. आठ गुणिले सहा गुणिले दोन म्हणजे 96 घनफूट. एका घनफुटात सुमारे 28.3 लिटर, म्हणजे 2,700 लिटर. आकार अंडाकृती असल्यानं त्याला 0.785 नं गुणा, की 2,100 च्या आसपास येतं. त्यातून पायरीची जागा वजा केली की अठराशे ते एकोणीसशे लिटर धरायला हरकत नाही.

खणायच्या आधी जमिनीखालून विजेची केबल, पाण्याची किंवा सांडपाण्याची लाइन गेली आहे का, याची खात्री करा. पहार चालवून मग कळण्यात अर्थ नाही. जागा अंगणातल्या सर्वांत खोलगट भागात निवडू नका. तिथे पाणी आपोआप साचतं म्हणून ती सोयीची वाटते, पण पावसात सगळ्या बागेचा गाळ आणि खत तुमच्या तळ्यात येईल. मोठ्या झाडाखालीही नको. मुळं आणि पानगळ दोन्ही त्रास देतात.

सगळ्यात जास्त वेळ कडेच्या पातळीला द्या. माझ्या मते तळ्याचं निम्मं काम हेच आहे. खड्ड्याची कड एका बाजूला इंचभर जरी खाली राहिली, तरी समोरच्या बाजूला लायनरची काळी पट्टी कायमची उघडी दिसते. पाणी कधीच तिरकं राहत नाही, त्यामुळे चूक लपवता येत नाही. छोट्या अंतरावर सरळ फळी आणि तिच्यावर पाणसळ चालते. आठ फुटांच्या तळ्याला मात्र गवंड्याकडची पारदर्शक लेव्हलची नळी वापरा. नळीत बुडबुडा राहू देऊ नका. कड आसपासच्या जमिनीपेक्षा दोन-तीन इंच उंच ठेवा, आणि पावसाचं जादा पाणी कुठून बाहेर जाईल ती एक जागा तुम्हीच ठरवून द्या.

खड्ड्यातली मुळं, टोकदार खडे वेचून काढा. त्यावर दोन इंच वाळू किंवा जाड जिओटेक्स्टाइल (जमिनीत अंथरायचं कृत्रिम कापड), मग लायनर. एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा ईपीडीएम रबर वाकवायला मऊ आणि टिकायला उत्तम. शेततळ्याला घालतात तो पाचशे मायक्रॉनचा कागदही चालतो, पण तो कडक असतो, वळणावर घड्या नीट बसत नाहीत. पाणी सावकाश भरा आणि जसजशी पातळी चढेल तसतशा घड्या हातानं सारख्या करत जा. पाण्याचं वजन लायनरला जागेवर ओढून घेतं. काठोकाठ भरून एक-दोन दिवस जाईपर्यंत कडेचा जादा लायनर कापू नका. कापलेला परत जोडता येत नाही.

सिमेंटचं तळंही चांगलं होतं, पण जमीन थोडी हलली की त्याला चीर जाते. पहिलंच तळं स्वतः करताय, तर लायनर घ्या.

प्रश्न : पंपाच्या खोक्यावर ताशी 2,000 लिटर लिहिलंय. धबधब्याचा ओठ आठ इंच रुंद आणि पाण्यापासून साडेतीन फूट उंच आहे. पण पाण्याचा पडदा होतच नाही, नुसते ओघळ दगडाला चिकटून खाली येतात. पंप सदोष आहे का?

उत्तर : पंप बहुधा ठीक आहे. खोक्यावरचा आकडा हा पाणी जराही वर न चढवता पंप जेवढं फेकतो त्याचा असतो. त्याच खोक्यावर 'कमाल हेड' असाही एक आकडा असेल, समजा दोन मीटर. त्या उंचीवर पंपातून येणारं पाणी शून्य होतं. या दोन टोकांच्या मध्ये, एक मीटरवर तुम्हाला साधारण निम्मं किंवा त्याहून थोडं जास्त मिळेल. उंची मोजायची ती तळ्यातल्या पाण्याच्या पृष्ठभागापासून धबधब्याच्या ओठापर्यंत. पंप किती खोल ठेवलाय याचा त्यात संबंध नाही.

नळीही बघा. पंपाच्या तोंडापेक्षा बारीक नळी जोडलीत तर तेवढ्याच पाण्यासाठी घर्षण प्रचंड वाढतं. व्यास निम्मा केला तर हा तोटा जवळपास तीस पट होतो. काटकोनी एल्बोंनी त्यात भर पडते. एक माप जाड नळी आणि सावकाश वळण ठेवा.

प्रत्यक्षात किती पाणी येतंय ते मोजणं सोपं आहे. नळीचं तोंड ओठाच्याच उंचीवर धरून दहा लिटरची बादली भरा. तीस सेकंद लागले तर ताशी बाराशे लिटर. आता ओठाची गरज बघा : दाट, सलग पडदा हवा असेल तर रुंदीच्या दर सेंटिमीटरला ताशी दीडशे लिटर लागतात. आठ इंच म्हणजे वीस सेंटिमीटर, म्हणजे तीन हजार लिटर. पातळ पडद्याला त्याच्या निम्मं. तुमच्याकडे बहुधा तेवढंही पोचत नाही.

मोठा पंप घेण्याआधी ओठ अरुंद करून बघा. दोन्ही बाजूंना दगड सरकवून पाणी आठ सेंटिमीटरमधून जाऊ द्या, तेवढ्याच पाण्यात सुरेख धार पडेल. पाणी दगडाच्या पोटाला चिकटून मागे येतंय, त्यावर उपाय गवंड्यांना चांगला माहीत आहे. छज्जाच्या खालच्या कडेला ते जी बारीक खाच ठेवतात, तीच ओठाच्या दगडाच्या खाली, पुढच्या कडेपासून बोटभर आत ग्राइंडरनं मारा. कड गोल असेल तर पाणी वळून मागे जातं, धारदार असेल तर सुटून पडतं.

ज्यांनी अजून पंप घेतलेला नाही त्यांच्यासाठी : बागेच्या नळाची नळी ओठावर धरा, नळ कमी-जास्त करून मनासारखा पडदा मिळवा, मग तोच नळ तसाच ठेवून बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. हवा तो आकडा हातात येतो. दुकानात मात्र 'माझ्या उंचीला एवढं पाणी' असं सांगून पंप मागा.

प्रश्न : स्वयंपाकघरातल्या प्लगवरून एक्स्टेंशन बोर्ड खिडकीतून काढून पंप चालवला तर चालेल ना? रोज दोन तासच लावणार आहे.

उत्तर : नाही. दोन मिनिटांसाठीही नको. पाण्यात हात आणि पाण्यात वीज, हे एकत्र येणार आहे. बाहेर झाकणाचा, पावसापासून सुरक्षित सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, त्या लाइनला चांगलं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच लाइन तोडणारा स्विच) हवाच. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून तो खाली पडतो याची खात्री करा. केबलला पाण्याखाली किंवा मातीत जोड नको. सॉकेटला पोचण्याआधी केबल खाली झोल खाऊन वर जाऊ द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोलातच टपकून जातं. बाकी सगळं काम स्वतः करा, पण हे नको. शक्य असेल तर 12 किंवा 24 व्होल्टचा पंप घ्या आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर कोरड्या जागी ठेवा. तरीही तळ्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, ही सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

प्रश्न : निवृत्तीनंतर परसात तळं करायची फार इच्छा आहे. पण घरात दीड वर्षाची नात आहे आणि सूनबाईंना भीती वाटते. एक फूटच खोल केलं तर?

उत्तर : सूनबाईंची भीती रास्त आहे, काका. एवढं लहान मूल पाच सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं, आणि बुडताना आवाज होत नाही. एक फूट ही सुरक्षित खोली नाही. नात शाळेत जाऊ लागेपर्यंत उघडं पाणी ठेवू नका.

पाण्याची हौस मात्र आत्ताच भागेल. जमिनीखाली टाकी, वर गोटे आणि मधोमध भोक पाडलेल्या मोठ्या दगडातून वर येऊन ओघळणारं पाणी, असं कारंजं करा. पाणी गोट्यांत गुडूप होतं, वर कुठेच साचत नाही. नात त्याला हात लावून खेळू शकेल, अर्थात कुणीतरी मोठं माणूस जवळ असताना.

तीन बाय तीन फूट आणि दोन फूट खोल खड्डा घ्या. त्यात सुमारे 510 लिटर बसतात. पण तो खड्डा गोट्यांनी भरलात तर गोट्यांमधल्या पोकळीत चाळीस टक्क्यांच्या आसपासच पाणी राहतं, म्हणजे दोनशे लिटर. पंप चालू झाला की त्यातलं बरंचसं नळीत आणि दगडावर जातं. उन्हात एक-दोन दिवस पाणी घालायला विसरलात तर पंप कोरडा पडतो आणि जळतो. म्हणून खड्डा गोट्यांनी भरू नका. आत प्लास्टिकचे मजबूत क्रेट उलटे रचा, त्यांवर माणसाचं वजन पेलणारी लोखंडी जाळी टाका, आणि गोट्यांचा थर फक्त जाळीवर द्या. पाणी दुपटीहून जास्त मावतं आणि साफसफाईही होते. जाळी हलणार नाही, मुलाच्या हातानं उचलली जाणार नाही, एवढी पक्की हवी.

लायनर खड्ड्यापुरता कापू नका. कारंजं जेवढं उंच उडेल, तेवढ्या अंतरापर्यंत चारी बाजूंना तो पसरा आणि खड्ड्याकडे उतार द्या, म्हणजे शिंतोडे परत आत येतील. वाऱ्याची जागा असेल तर आणखी थोडा जास्त. पंप भोकं पाडलेल्या, झाकणाच्या बादलीत ठेवा आणि झाकण वरून चार गोटे बाजूला केल्यावर हाताला लागेल असं ठेवा. पंप कधी ना कधी साफ करावाच लागतो.

प्रश्न : सिमेंटचं टाकं बांधून आठवड्यानं मासे सोडले. दोन दिवसांत सगळे मेले. नळाचंच पाणी होतं.

उत्तर : वाईट वाटलं वाचून. नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि पाणी फार अल्कधर्मी होतं, पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) अकरा-बाराच्या घरातही जातो. त्यात मासे जगत नाहीत. टाकं भरा, तीन-चार दिवस ठेवा, आतून घासून रिकामं करा, असं बरेचदा करा. एकदा व्हिनेगर घातलेल्या पाण्यानं धुवा. पीएचची पट्टी काही दिवस सलग साडेआठच्या खाली दाखवू लागली की पुढचा विचार करा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन एक-दोन दिवस उघडं ठेवल्यावर उडून जातं. काही ठिकाणी क्लोरामाइन घालतात, ते मात्र उडत नाही, त्याला सोडियम थायोसल्फेट असलेलं डीक्लोरिनेटर लागतं. आणि सुरुवातीला दोन-तीनच मासे सोडा. त्यांच्या विष्ठेतला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू तळ्यात वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात.

प्रश्न : तळ्याचं पाणी हिरवंगार झालंय. तीनदा उपसून नवं भरलं, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. एकानं मोरचूद टाकायला सांगितलंय.

उत्तर : मोरचूद टाकू नका. तो तांब्याचा क्षार आहे, आणि तांबं माशांना आणि गोगलगायींना मारतं, शिवाय एकदम मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं.

आणि उपसणं थांबवा. प्रत्येक वेळी तुम्ही जिवाणूंची जमलेली वस्ती फेकून देताय आणि शेवाळाला क्षारांनी भरलेलं ताजं पाणी देताय. पाणी हिरवं दिसतं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशी शेवाळामुळे. त्याला ऊन आणि खत, दोन्ही लागतं. ऊन तोडायचं तर निम्म्याहून जास्त पृष्ठभाग पानांनी झाका, कुमुद त्यासाठी सर्वांत चांगलं. खत तोडायचं तर पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती आणि कडेला वेखंडासारखी झाडं लावा, ती तेच क्षार खातात. माशांना दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाणं द्या. मग धीर धरा. नवं तळं पहिले काही आठवडे हिरवं होतंच आणि वनस्पती रुजल्या की एखाद्या सकाळी तळ दिसायला लागतो. कडेला धाग्यासारखं शेवाळ येतं ते वेगळं, ते काठीला गुंडाळून काढा.

जलपर्णी फुकट मिळते आणि पाणीही स्वच्छ करते, म्हणून पुष्कळजण ती आणतात. माझी कळकळीची विनंती आहे, आणू नका. वाढलेली जलपर्णी शेवटी ओढ्यात किंवा नदीत जाते, आणि तिथून ती निघत नाही.

प्रश्न : तळं म्हणजे डास, असं शेजारी म्हणतात. त्यांना काय सांगू?

उत्तर : जिवंत तळ्यात डास वाढत नाहीत, हे सांगा आणि तसं तळं ठेवून दाखवा. अंड्यापासून डास उडायला उष्ण हवेत सात ते दहा दिवस लागतात. त्या काळात अळीला श्वासासाठी शांत पृष्ठभाग लागतो. पंपानं पाणी हलतं राहिलं, मासे असले, चतुराच्या अळ्या आल्या, की डासाची अळी मोठी होत नाही. पण कोपऱ्यात, दाट पानांमागे पाणी स्थिर राहतं का ते बघा आणि पंपाची धार त्या बाजूला वळवा.

डेंग्यूचा एडिस डास तळ्यापेक्षा तळ्याच्या आसपासची भांडी पसंत करतो. कुंडीखालची थाळी, झाकणात साचलेलं पाणी, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पसरट भांडं. तो पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओल्या कडेला अंडी घालतो आणि ती कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात. म्हणून अशी भांडी आठवड्यातून एकदा नुसती ओतून भागत नाही, कडा घासायला हव्यात. पंप काही दिवस बंद राहणार असेल तर बीटीआयची गोळी डब्यावरच्या प्रमाणात टाका. 1976 मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडलेल्या एका जिवाणूपासून ती करतात. डासांच्या अळ्या ती खाऊन मरतात, माशांना आणि बेडकांना काही होत नाही. कोशात गेलेल्या अळ्यांवर मात्र तिचा परिणाम होत नाही, कारण त्या खात नाहीत. म्हणून पंप बंद करतानाच टाका. रॉकेल कधीही ओतू नका. माशांपैकी गॅम्बुशिया घेऊ नका, तो आक्रमक आहे. गप्पी पाळलेत तरी ओढ्याविहिरीत सोडू नका.

प्रश्न : धबधब्याचा आवाज आम्हाला आवडतो, पण रात्री शेजाऱ्यांची झोप मोडते. रात्री पंप बंद ठेवावा का?

उत्तर : मासे नसतील तर खुशाल ठेवा. मासे असतील तर नको, कारण वनस्पती रात्री प्राणवायू सोडत नाहीत, वापरतात, आणि पहाटे तो सगळ्यांत कमी असतो. पंपाच्या नळीला टी जोडून वाल्व्ह बसवा आणि रात्री निम्म्याहून जास्त पाणी पृष्ठभागाखालूनच तळ्यात सोडा. पाणी फिरत राहील, आवाज उतरेल.

खरं तर आवाज जुळवता येतो, आणि या कामातला हा भाग मला सर्वांत प्रिय आहे. पाणी खोल पाण्यात पडलं तर आवाज खालच्या पट्टीत येतो, उथळ पाण्यातल्या सपाट दगडावर पडलं तर तोच फटफट वाजतो. पडद्यामागे पोकळी राहिली तर ती आवाज घुमवते, दगड आत सरकवून ती भरली की गोंगाट जातो. तीन फुटांच्या एका उडीऐवजी सहा-सहा इंचांच्या पायऱ्या केल्या तर खळखळ होते, धडधड होत नाही. खाली एक दगड ठेवा, दोन इंच इकडे सरकवा, चार पावलं मागे जाऊन ऐका, पुन्हा सरकवा. घरात सगळे झोपल्यावर खिडकीत उभं राहून ऐका, कारण दिवसाच्या आवाजांत रात्रीचा अंदाज येत नाही. शेजाऱ्यांच्या खिडकीशी जाऊन, त्यांच्यासोबत एकदा ऐका. दगड सिमेंटनं पक्के करण्याआधी हे सगळं होऊ द्या. माझ्या परसातल्या कुंडात धार जेमतेम सहा इंचांवरून पडते, आणि मला त्याहून मोठी कधी हवीशी वाटली नाही.

प्रश्न : परस नाही, गच्ची आहे. चार बाय चार फुटांचं, एक फूट खोल तळं करू का?

उत्तर : एक फूट खोल पाण्याचं वजन दर चौरस मीटरला तीनशे किलो होतं. वर दगड, माती, माणसं वेगळी. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं गच्ची बघून होकार दिल्याशिवाय करू नका. तोवर एका मोठ्या कुंडीत कुमुद लावा.

प्रश्न : कुमुदाची पानं कुजतात, कळ्या येतात पण उघडत नाहीत. तळ्यात मधोमध, कारंज्याच्या जवळ लावलंय, म्हणजे भरपूर पाणी मिळेल.

उत्तर : तिथून हलवा. कुमुदाला हलतं पाणी आणि पानांवर सतत पडणारे शिंतोडे सोसत नाहीत. कारंज्यापासून लांब, दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन मिळेल अशा शांत कोपऱ्यात कुंडी ठेवा. कंदाच्या वर सुरुवातीला वीतभर पाणी पुरे. कुंडी विटांवर ठेवा आणि पानं पृष्ठभागावर आली की एकेक वीट काढत जा. कुंडीत बागेची चिकण माती भरा, शेणखत नको, ते कुजून पाणी बिघडवतं. वर बारीक खडीचा थर द्या, म्हणजे मासे माती उकरणार नाहीत. कुजलेली पानं देठाच्या बुडाशी कापून पाण्याबाहेर टाका. नव्या जागी नवी पानं धरली की कळ्याही उघडतील.